साळुंख्यांच्या घरातली पाहण्यासारखी ठिकाणं

विश्रामबाग, सांगली
रविवार, चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप चंद्राआत्यास,

धनाजीचा इथूनच कंबरेत वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. माया साक्षीला आहे, उठताना हात तिनेच दिला.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर अक्षर नीट दिसतं ना? कमी दिसत असेल तर बोट ठेवून हळूहळू वाच, पण तूच वाच, शेजारपाजारच्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल कुणीच नाही.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ फोन लावला. मला वाटलं, पाटणला रेंज गेली असेल. शेवटी वीरधवलने माझा फोन हातात घेऊन काहीतरी तपासलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, पप्पा, आजीनं तुम्हाला ब्लॉक केलंय. आत्या, बावीस वर्षं फौजेत हवालदार क्लार्क म्हणून काढली, वरिष्ठांची नाही नाही ती पत्रं टाइप केली, पण असा धक्का बसला नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ब्लॉक कसं करायचं हे शिकवलं कुणी? (मला अजून येत नाही. निदान सहा जणांना करायचं आहे.) त्यातून सावरतो न सावरतो तोच सयाजीकाकाच्या तोंडी तुझा निरोप आला, की वीरधवलच्या लग्नाला येणार नाहीस. आपल्या घरात नवरदेवाला पहिली हळद आत्याच्या हातची लागते. मला तू लावलीस. मला सख्खी बहीण नाही, म्हणजे वीरधवलला सख्खी आत्या नाही, तेव्हा त्यालाही तूच लावायची हे त्याच्या बारशापासून ठरलेलं आहे. लग्न अठरा दिवसांवर आलंय. सांगलीत हळदीला काय तोटा, आख्खी पेठ पिवळी झालेली आहे, पण हात कुठून आणू? असो. त्या विषयावर मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. मला फक्त घडलं कसं ते सांगायचं आहे.

सुरुवात साखरपुड्यापासून. आपली होणारी सून शिवांजली ही साताऱ्यात वाढलेली. त्यांच्याकडे पाहुणे म्हणजे आई, वडील आणि एक काका, तोही सुट्टीपुरता. आणि आपल्याकडे तू बघितलंसच, नुसती भावकी उतरली तर दोन टेम्पो लागतात. बिचारी दीड तास पाया पडत होती. कोण काका, कोण मामा, कोण नुसताच जेवायला आलेला, तिला काही कळेना. पडता पडता ती मंडपवाल्याच्याही पाया पडली. तो गडी हातात दोरी धरून उभा होता, त्याने दोरी खाली ठेवून तिला अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि पुन्हा दोरी उचलली. नंतर ती मला म्हणाली, बाबा, मला घरातल्या माणसांची काही यादी मिळेल का? आता क्लार्कला यादी मागायची म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

नुसती यादी मला पटेना. पोरीला जरा हसू यावं, भीती मोडावी, म्हणून मी ठरवलं की सहलीच्या कंपन्या देतात तसं गुळगुळीत, दोन घड्यांचं माहितीपत्रक काढायचं: साळुंख्यांच्या घरातली पाहण्यासारखी ठिकाणं. माणसं हीच ठिकाणं. रिटायर झाल्यावर मी रंगीत प्रिंटर घेतलाय हे तुला माहीत आहे (साखरपुड्यात मी तुला त्याबद्दल पाऊण तास सांगितलं होतं, तू वांगी निवडत होतीस). इंटरनेटवर असल्या पत्रकांचे तयार साचे फुकट मिळतात. सहा रकाने असतात, प्रत्येकात फोटोची जागा, मजकुराची जागा, सगळं आखून दिलेलं. आपण फक्त भरायचं.

पहिल्या रकान्यात डोंगर आणि नाव. दुसऱ्यात नकाशा आणि सर्वसाधारण सूचना. तिसऱ्यात आपले नानासो. त्यांना मी किल्ला केलं. चढायला सोपा, उतरायला अवघड, म्हणजे जवळ जाऊन बसलात की दुपारपर्यंत उठता येत नाही. गाइडची गरज नाही, किल्ला स्वतःच बोलतो. चौथ्यात हौसाकाकी. त्यांना कोयना धरण केलं: चार दरवाजे, विसर्ग कधीही सुरू होतो, भोंगा ऐकताच काठावरच्या लोकांनी सुरक्षित ठिकाणी जावं. पाचव्यात नाथाजी. तो टोलनाका. शिक्षण किती, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, ही सगळी माहिती भरल्याशिवाय कोणतंही वाहन पुढे सोडलं जात नाही. सहावा रकाना शेवटचा, पाठीमागचा. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

घरी छापणं वाटतं तितकं सोपं नाही, आत्या. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायचं तर एक बाजू झाल्यावर गठ्ठा उलटा करून पुन्हा घालावा लागतो, आणि तो पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा की भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा, यावर सगळं अवलंबून. मी पुस्तकासारखा उलटला. एका बाजूला नानासो ताठ बसलेले आणि मागे हौसाकाकी डोकं खाली, पाय वर. असे अकरा कागद वाया गेले. मग जमलं. घडी घालायला मायाचं लाटणं घेतलं, पट्टी धरून त्यावरून ते फिरवलं की अशी कडक घडी पडते की कुणी म्हणणार नाही घरी केलंय. मी पहिली प्रत उन्हात धरून बघितली आणि मलाच खरं वाटेना.

प्रत एकच काढायची होती. पण दुकानदाराने सांगितलं होतं की प्रिंटर बसून राहिला तर आतली शाई सुकते. आणि क्लार्क माणसाला एक प्रत काढायची सवय नाही, एक ऑफिसला, एक फाइलला, एक वरती पाठवायला असं चालतं. शिवाय त्या मशिनचा आवाज कानाला फार गोड लागतो. माया भाजी घेऊन येईपर्यंत पासष्ट झाल्या होत्या. चकचकीत कागदावरची शाई पटकन वाळत नाही, आणि आमच्या घरात पसारा पडत नाही अशी जागा एकच, देवघर. तिथे पाटावर गठ्ठा ठेवला आणि मी गुळाच्या पेठेत मित्राला पहिली प्रत दाखवायला गेलो.

आता सांग, लग्नघरात देवापुढे पाटावर छापील कागदांचा गठ्ठा दिसला तर घरच्या बाईने काय समजावं? मायाने चष्मा लावलेला नव्हता. तिने वर डोंगर बघितला, आत नकाशा बघितला, आणि कार्यालयाच्या रस्त्याचा कागद आहे असं धरून चाललं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला आणि एकेक कागद एकेका पत्रिकेच्या पाकिटात घातला. पाकिटं मी आधीच पत्ते लिहून तालुकावार लावून ठेवली होती, तिने ती उचलून टपालात दिली. मी परत आलो तर पाट रिकामा, आणि माया मला म्हणते, बघा, तुमचं काम करून टाकलं.

आत्या, मी यादी काढून मोजलं. चौसष्ट घरं. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत. हौसाकाकींच्या हातात हौसाकाकींचा भोंगा कुंकू लावून जाणार. पोस्टात पळत गेलो तर थैला निघून गेलेला. ते तीन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. (माया म्हणते जेवलात. पण चव लागली नाही.) भावकी तुटणार, लग्नात निम्मे पाट रिकामे राहणार, पोरीला सासरी पाऊल टाकायच्या आधीच भांडण बघायला मिळणार, याची मी मनाशी तयारी केली. वीरधवल तर माझ्याशी बोलेचना.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता नानासोंचा फोन. मी उभा राहून उचलला. ते म्हणाले, “धनाजी, किल्ला म्हंजे कुठला रं? अजिंक्यताऱ्याएवढा का आपल्या वसंतगडाएवढा? तेवढं लिवायला पायजे हुतं.” मला ऐकू आलं ते बरोबर आलं का, म्हणून मी पुन्हा विचारलं. तर म्हणे, “पत्रिका टपालानं आली तवा डोस्कं फिरलं हुतं, पर आतला कागुद बघितला आन् राग गेला.” त्यांनी तो कागद लॅमिनेट करून गावातल्या केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी लावलाय. 

दुपारी हौसाकाकी. मी फोन कानापासून हातभर लांब धरून उचलला. तक्रार होती, आणि मोठी होती, पण ती अशी की कोयनेला दरवाजे सहा असताना मी चारच का लिहिले? दोन दरवाजे कुणाच्या वाट्याला घातलेस, असं त्यांनी मला वीस मिनिटं विचारलं. संध्याकाळी नाथाजी आला. त्याचंही टोलनाक्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्याचं म्हणणं घडीबद्दल. दुसरी घडी बरोबर त्याच्या फोटोतल्या नाकावरून गेली होती, आणि भावकीत मुद्दाम मला दुमडला, असं त्याच्या बायकोचं मत पडलं होतं. आमच्या दारातल्या पायरीवर बसून त्याने माझ्या व्याह्यांना, शिवांजलीच्या वडिलांना, फोन लावला आणि त्यांच्याकडे पोचलेल्या प्रतीतही घडी नाकावरच आहे का याची खात्री करून घेतली. व्याही चिंतामणराव फार सभ्य माणूस. ते मला म्हणाले की आमच्याकडे दाखवण्यासारखं फारसं कुणी नाही, पण एखाद्या कोपऱ्यात आमचा बंधू बसला तर बघा.

 इतक्या वर्षांत मला माझी भावकी कळलीच नव्हती. ज्यांची टर उडवली ते खूष, आणि ज्यांना मी सुरक्षित ठेवलं होतं ते पेटले. रोज कुणाचा तरी फोन: आमाला का वगळलं? आणि यात सगळ्यात पुढे सयाजीकाका. ते फोनवर बोललेच नाहीत, पाटणहून यष्टीने थेट दारात. सोफ्यावर बसले. मायाने पाणी आणलं तर तांब्याकडे बघेनात. “आमी काय बघण्यासारखं न्हाई व्हय रं? किल्ला नगं, धरान नगं, निदान मला यष्टी स्टँड तरी करायचंस.” मी हात जोडले, दुसऱ्या आवृत्तीत स्टँड करतो म्हणालो, तेव्हा त्यांनी पाणी घेतलं. मग चहा. मग जेवण. रुसून आलेला माणूस म्हणून त्यांना जा म्हणता येईना, आणि स्टँडचा मजकूर डोळ्यांदेखत छापून घेतल्याशिवाय ते जाईनात. आज त्यांचा पाचवा दिवस आहे.

त्यांनीच जेवताना, भाकरी मोडता मोडता, तुझा निरोप सांगितला. आणि तेव्हा मला सहावा रकाना आठवला आणि घास हातातच राहिला.

तो रकाना तुझा होता, आत्या. अगदी आधीपासून. शिवांजलीने साखरपुडा झाल्यावर सगळ्यांत एकाच माणसाचं नाव बरोबर सांगितलं, ते तुझं. (तिच्या हातात तू भुईमुगाच्या शेंगा कोंबल्यास आणि म्हणालीस, पाया पडूनशान भूक लागली आसंल. ती म्हणते, त्या दिवशी मला भुकेचं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.) मी तुझ्यासाठी काय काय लिहून बघितलं. देऊळ लिहिलं, तर तू मला फटकावशील असं वाटलं. घाट लिहिला, खोडला. पाटणला तुझ्या घरी राहून मी सात वर्षं शिकलो. तेव्हा तू माझ्या पाटीवरची बेरीज चुकली की पाटी पुसून द्यायचीस, पण चूक कुठली ते सांगायची नाहीस. अशा बाईची टर काय उडवायची? मला एक ओळ सुचली नाही. मग नंतर बघू म्हणून रकाना तसाच ठेवला, आणि छपाईच्या नादात विसरलो. विसरलो हे मला कबूल आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते.

पण तसाच म्हणजे कोरा नाही. त्या साच्यात आधीपासून राखाडी अक्षरांत एक ओळ असते, आपण पुसून आपलं लिहावं म्हणून: “येथे आपला मजकूर लिहा.” ती पासष्टच्या पासष्ट प्रतींवर छापून गेली. म्हणजे आख्खी भावकी फोटोसकट, आणि पाठीमागे, जिथे तू असायला हवी होतीस तिथे, येथे आपला मजकूर लिहा. तू ते वाचलं असशील तेव्हा तुझा चेहरा कसा झाला असेल, हे मला चार दिवस दिसतंय.

बाकी सर्व ठीक. शेंगा, नाचणी काही पाठवायची तसदी घेऊ नकोस. लहानथोरांना यथायोग्य.

तुझा,
धनाजी

ता. क. – तुझा एक फोटो हवा आहे. दुसरी आवृत्ती काढायचीच आहे, कारण सयाजीकाका हलत नाहीत. तुझा मजकूर काल अंघोळ करताना सुचला: “हे ठिकाण बारा महिने उघडं असतं. प्रवेशाला तिकीट नाही. जेवल्याशिवाय बाहेर सोडलं जात नाही.” नको असेल तर खोडतो.

ता. क. दुसरं – त्या विषयावर अक्षरही लिहिणार नाही म्हणालो होतो, ते मागे घेतो. ये गं. दोन दिवस आधी ये. हळद वाटायची तुझ्यासमोरच. माझ्यावरचा राग तसाच ठेवून आलीस तरी चालेल, तो नवरदेवाला लागत नाही.

ता. क. तिसरं – वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितोय. माया सयाजीकाकांची पिशवी धुवायला घेत होती, झटकली तर आतून आपलंच माहितीपत्रक पडलं. काकांना विचारलं तर म्हणाले, “व्हय की! चंद्रानं तुला द्यायला दिलं हुतं. स्टँडाच्या नादात इसारलोच गड्या.” पाच दिवस! आत्या, ती तुझी प्रत. तू सहाव्या रकान्यात पेन्सिलीने, तुझ्या त्या चौथीच्या मोठ्या अक्षरात, सांगितलंय तसा मजकूर लिहिला आहेस:

“ठिकान पाटण. सांगलीवरनं येताना कराडला यष्टी बदलावी लागती. हितं पत्रिका टपालानं येती. मानूस येत न्हाई.”

मी ते मायाला मोठ्याने वाचून दाखवायला गेलो आणि शेवटच्या ओळीला कागद तिच्याच हातात दिला. मला वाटत होतं तू फोटोवरून रुसलीस. आत्याचं आवतण घरच्या माणसाने दारात येऊन, पाया पडून द्यायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, तूच मला लहानपणी शिकवलंस. आणि मी तुझं पाकीट तालुकावार यादीत घातलं. पाटण, अनुक्रमांक एक्केचाळीस. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. तुझ्या दारात शेवटचा कधी आलो ते आम्ही दोघं अर्धा तास बोटं मोजत बसलो, आणि ती मोजदाद मी इथे लिहू शकत नाही. पाटी पुसून दिलीस आणि चूक कुठली ते सांगितलं नाहीस, असंच हेही.

ता. क. शेवटचं – हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या पहिल्या यष्टीने निघतोय, कराडला बदलून येतो. पत्रिका, कुंकू आणि नारळ हातात आहे. सयाजीकाकाही बरोबर आहेत (एवढं एक तरी बरं झालं). तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या उंबऱ्याबाहेर उभा असेन. पूर्ण वाचून होईपर्यंत मला आत घेऊ नकोस. वाचून झालं की पाणी विचार.